जुनी गाडी घेतली आणि दोष निघाला: पहिल्या तासापासून ग्राहक आयोगाच्या आदेशापर्यंत काय करावे

‘सेकंड हँड गाडीला गॅरंटी नसते’ हे वाक्य विक्रेत्याने उच्चारले की आपल्याकडील बहुतेक खरेदीदार गप्प बसतात, पदरचे पैसे घालून दुरुस्ती करून घेतात आणि नशिबाला दोष देऊन मोकळे होतात. हे वाक्य अर्धेच खरे आहे. जुनी गाडी नव्यासारखी चालावी अशी अपेक्षा कायदा धरत नाही, हे बरोबर. टायर, क्लच प्लेट, बॅटरी, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे रबरी बुश ही वयाबरोबर झिजणारी अंगे आहेत आणि ती खरेदीनंतर महिन्याभरात बदलावी लागली म्हणून कोणाला न्यायालयात खेचता येत नाही. परंतु विक्रेत्याने जी गाडी म्हणून सांगितली तीच गाडी आपल्या हाती आली आहे का, हा प्रश्न जुन्या गाडीबाबतही पूर्णपणे कायद्याच्या कक्षेत येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा तो ग्राहक, अशी व्याख्या आहे. ती वस्तू नवी असावी अशी अट त्यात नाही. फेरविक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी तेवढी वगळली आहे, आणि त्यातही स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टॅक्सी घेणाऱ्याला ग्राहकच मानले आहे.

हक्क आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. आणि सिद्ध करण्याची उत्तम संधी, माझ्या मते, दोष दिसल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच असते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी नोंद, मग पाना

हे आमच्या घरातच घडले. माझ्या मेहुण्यांनी पुण्यातील एका विक्रेत्याकडून सात वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी ४ लाख ६० हजार रुपयांना घेतली. मीटरवर ४२ हजार किलोमीटर दिसत होते. नवव्या दिवशी साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. गाडी ओढून जवळच्या गॅरेजात नेली आणि मेकॅनिकने संध्याकाळपर्यंत इंजिनाचे हेड उतरवलेसुद्धा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधील सील, गेले होते, आणि हेडला आधी एकदा फेसिंग केल्याच्या, म्हणजे ते घासून सपाट केल्याच्या, खुणा होत्या. म्हणजे हे इंजिन पूर्वीही तापलेले होते. मेकॅनिक प्रामाणिक होता, त्याचे निदानही बरोबर होते. तरीही विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याला हवे ते उत्तर आयते मिळाले: ‘आमच्याकडून गाडी ठणठणीत गेली होती. तुमच्या माणसाने इंजिन खोलले, आता आमची जबाबदारी नाही.’

हे उत्तर टाळायचे असेल तर क्रम असा ठेवावा. गाडीने धोक्याची खूण दाखवताच, म्हणजे तापमान वाढले, ऑइलचा लाल दिवा लागला किंवा गिअर पडेनासा झाला की, ती तशीच पुढे रेटू नये. कारण दोष कळल्यानंतरही गाडी चालवून वाढवलेले नुकसान विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. उभ्या गाडीचा व्हिडिओ घ्यावा. त्यात मीटरचा आकडा, डॅशबोर्डवर पेटलेले दिवे, आवाज किंवा धूर आणि नंबर प्लेट हे सर्व सलग, न तोडता दिसले पाहिजे. गाडी ओढून नेली तर त्याची पावती जपून ठेवावी.

त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवावे. फोन अवश्य करावा, पण फोन ठेवल्यावर लगेच व्हॉट्सअॅपवर आणि शक्य असल्यास ई-मेलवर तेच लिहून पाठवावे. मजकूर साधा असावा: ‘अमुक तारखेला आपल्याकडून घेतलेली अमुक क्रमांकाची गाडी आज अमुक किलोमीटरवर अमुक प्रकारे बंद पडली. गाडी अमुक ठिकाणी उभी आहे. आपण तीन दिवसांच्या आत आपल्या माणसामार्फत तपासणी करावी. तोपर्यंत गाडी खोलली जाणार नाही.’ शेवटचे वाक्य फार कामाचे आहे. विक्रेत्याला तपासणीची संधी दिली होती आणि त्याने ती घेतली नाही, हे पुढे दाखवता आले तर ‘तुम्हीच खोलली’ या युक्तिवादाला फारसा अर्थ उरत नाही.

यानंतर गाडी त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी. तेथे जॉब कार्ड उघडले जाते, त्यावर तारीख आणि किलोमीटर छापले जातात, आणि निदान व इस्टिमेट लेखी मिळते. ओळखीचा मेकॅनिक कितीही जाणकार असला, तरी तोंडी मताला ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक आयोगापुढे वजन नसते. स्कॅनर लावायला सांगून त्याची छापील प्रत मागावी. गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड विक्रीपूर्वी पुसून टाकणे ही या धंद्यातील जुनी युक्ती आहे. परंतु कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ही नोंदही बऱ्याच गाड्यांत चांगल्या स्कॅनरवर दिसते. गाडी ताब्यात घेतल्यापासून आपण ३०० किलोमीटर चालवली असेल आणि कोड पुसल्यालाही साधारण तेवढेच अंतर झाले असेल, तर दोष विक्रीच्या सुमारास दडवला गेला असा अनुमानाचा भक्कम दुवा हाती लागतो.

गाडीवरच रोजीरोटी असल्यामुळे दुरुस्ती थांबवणे परवडत नसेल, तर निदान खोलण्यापूर्वी एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून, म्हणजे परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल अभियंत्याकडून, लेखी अहवाल घ्यावा. खोलताना टप्प्याटप्प्याने फोटो काढावेत आणि काढलेले जुने सुटे भाग गॅरेजवाल्याला भंगारात देऊ देऊ नयेत. जळालेले गॅस्केट नंतर कोणत्याही शब्दांपेक्षा स्पष्ट बोलते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण रागाच्या भरात ही चूक अनेकजण करतात: कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. कर्जाचा करार बँकेशी आहे आणि दोषाचा वाद विक्रेत्याशी. हप्ता चुकला की पत-नोंद आपली बिघडते आणि गाडी जप्त होण्याची वेळही येऊ शकते. मग ज्या वस्तूबद्दल भांडायचे तीच हातातून जाते.

विकणारा नेमका कोण?

दाद कोठे मागायची हे या एका प्रश्नावर ठरते. व्यवहार गोड चाललेला असतो तेव्हा याकडे कोणी पाहत नाही आणि वाद सुरू झाल्यावर समोरचा प्रत्येकजण ‘मी विक्रेता नव्हतोच’ असे म्हणू लागतो.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणारा दुकानदार, कंपनीचे प्रमाणित जुन्या गाड्यांचे दालन किंवा गाडी स्वतः विकत घेऊन पुन्हा विकणारे ऑनलाइन व्यासपीठ यांच्याकडून खरेदी झाली असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग सरळ मोकळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक केले आहे. ते ५ वर्षांसाठी असते. मूळ मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये द्यायची असते, आणि त्यानंतर ती गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. म्हणून ‘आम्ही फक्त गाडी लावून दिली, विकली मूळ मालकाने’ असे दुकानदार म्हणत असेल, तर त्याचे अधिकारपत्र आणि ही सूचना दाखवा, अशी मागणी लेखी करावी. कागद नाही असे उत्तर आले, तर तेही आपल्या तक्रारीत त्याच्या विरुद्धच जाते.

ऑनलाइन व्यासपीठांना ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू आहेत. त्यांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असे त्यात म्हटले आहे. दोष असलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, हेही त्याच नियमांत आहे. करारात बारीक अक्षरांत ‘सर्व वाद लवादाकडे’, म्हणजे न्यायालयाबाहेरच्या पंचाकडे, आणि तोही दूरच्या एखाद्या शहरात, असे कलम असते. त्याला घाबरू नये: लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

शेजारी, सहकारी, जाहिरात देऊन स्वतःची एकच गाडी विकणारी व्यक्ती यांच्याकडून घेतलेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. अशी व्यक्ती व्यापारी नसते, त्यामुळे ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो. तेथे भारतीय करार कायदा, १८७२ कामी येतो. माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून दडवणे हे त्यातील कलम १७ नुसार कपट आहे आणि कपटाने मिळवलेल्या संमतीचा करार फसवला गेलेला पक्ष रद्द ठरवू शकतो. खासगी विक्रेत्याशी शक्यतो लेखी तडजोड करावी, असा माझा प्रामाणिक सल्ला आहे. लहान रकमेसाठी दिवाणी दावा चालवणे वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी जड जाते. मध्ये एजंट असेल आणि त्याने आपल्याकडून कमिशन घेतले असेल, तर तो मात्र सेवा देणारा ठरतो. त्याने दिलेल्या खोट्या माहितीबद्दल त्याच्याविरुद्ध आयोगात जाता येते.

‘जशी आहे तशी’ आणि तिचा खरा अर्थ

विक्रीच्या पावतीवर ‘गाडी जशी आहे तशी, पाहून-पारखून घेतली, पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही’ असे वाक्य बहुतेकदा छापलेले असते. या वाक्याला काही अर्थ नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे ही अट न लिहिताही करारात असते. पण खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवे होते अशा दोषांना ही अट लागू होत नाही. दारावरचा ओरखडा, फाटलेले सीट कव्हर, गुळगुळीत झालेले टायर, न चालणारा एसी यांबद्दल ‘जशी आहे तशी’ लिहून दिल्यावर तक्रार टिकत नाही.

पण जे पाहून कळणे शक्यच नव्हते, त्याचे काय? मीटर मागे फिरवलेले, पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी केलेली, विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेलेली, ठरवलेली गाडी ठोकून-रंगवून विकलेली, चासी नंबरशी छेडछाड केलेली: यांतले काहीही सर्वसाधारण खरेदीदाराला अर्ध्या तासाच्या फेरीत दिसत नाही. ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या येथे बारकाईने वाचण्यासारखी आहे. कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेल्या दर्जातील उणीव तर त्यात येतेच, पण व्यापाऱ्याने वस्तूबद्दल कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्यात कमी पडणे हाही दोषच धरला आहे. ‘कोणत्याही प्रकारे’ या शब्दांत जाहिरात आली, संकेतस्थळावरचा तपासणी अहवाल आला आणि व्हॉट्सअॅपवरचा संदेशही आला. शिवाय वस्तूच्या दर्जाबद्दल खोटी माहिती देणे, बिल न देणे आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे या तिन्ही गोष्टी याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. बिलावर एक छापील ओळ टाकून यातून सुटता येत नाही.

बिलाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण ती खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडते. ‘पक्के बिल हवे असेल तर पूर्ण रकमेवर जीएसटी द्यावा लागेल’ असे सांगून काही दुकानदार ग्राहकाला परावृत्त करतात. जुन्या गाडीच्या व्यापाऱ्याला, त्याने इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतले नसेल तर, कर भरावा लागतो तो खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतील फरकावर. २०२५ च्या जानेवारीपासून हा दर सरसकट १८ टक्के आहे. म्हणजे ४ लाखांना घेऊन ४ लाख ६० हजारांना विकलेल्या गाडीवर कराचा हिशोब ६० हजारांवर होतो. बिल न देण्याला हे कारण पुरत नाही.

बिल नाहीच मिळाले, तरी सगळे संपत नाही. बँकेतून गेलेली रक्कम, टोकनची पावती, विक्रेत्याशी झालेले संदेश, मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वरील सह्या आणि गाडी ताब्यात दिल्याची चिठ्ठी यांतून व्यवहार सिद्ध होतो. तोंडी दिलेले आश्वासन कागदावर आणण्याचाही एक साधा उपाय आहे: ‘काल आपण इंजिन आणि गिअरबॉक्सची सहा महिन्यांची हमी दिल्याचे सांगितले, त्यावर विश्वास ठेवून मी आज उरलेली रक्कम पाठवत आहे’ असा संदेश पैसे देण्यापूर्वी पाठवावा. विक्रेत्याने त्याला होकार दिला किंवा आक्षेप न घेता पैसे स्वीकारले, तर तो संदेश आपला मोठा आधार होतो.

दडवलेली गोष्ट बाहेर कशी काढावी

मेहुण्यांच्या प्रकरणात उघडलेल्या इंजिनावरून वाद घालून काही निष्पन्न होईना. मार्ग सापडला तो सर्व्हिसच्या नोंदींत. चासी क्रमांक आणि आरसीची प्रत घेऊन मेहुणे त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले आणि नवे मालक या नात्याने जुन्या नोंदी मागितल्या. दीड वर्षापूर्वीच्या सर्व्हिसिंगला त्याच गाडीवर ७९ हजार किलोमीटर नोंदलेले होते. त्यानंतर हेड गॅस्केट हा विषयच दुय्यम झाला; ४२ हजार किलोमीटरची म्हणून विकलेली गाडी ती नव्हतीच, हे एका कागदाने ठरले.

किलोमीटरची नोंद आणखीही काही ठिकाणी सापडते. जुन्या विमा दाव्याच्या सर्व्हे अहवालात, पूर्वीच्या मालकाकडे उरलेल्या बिलांत आणि ऑइल बदलल्यावर बॉनेटखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर ती शोधावी. पूर्वीच्या मालकाशी बोलण्यास संकोच करू नये. त्याने गाडी दुकानदाराला किती किलोमीटरवर विकली हे तो बहुधा सरळ सांगतो, कारण त्यात त्याचे काही जात नाही.

अपघाताचा किंवा पुराचा संशय असेल तर जुनी विमा पॉलिसी मिळवावी. सलग दावा न केलेल्या वर्षांसाठी स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस मिळतो. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या, सलग विमा असलेल्या गाडीच्या शेवटच्या पॉलिसीत हा बोनस शून्य दिसला, तर लगतच्या वर्षी दावा झाला असण्याची शक्यता मोठी असते. दावा कशाचा होता हे विमा कंपनीला लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले तर पुढे आयोगामार्फत ती कागदपत्रे मागवून घेता येतात.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दल महाराष्ट्रात विशेष जागरूक राहायला हवे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि चिपळुणात जुलै २०२१ मध्ये गाड्या मोठ्या संख्येने पाण्यात गेल्या, आणि अशा गाड्या जिथे बुडाल्या तिथेच विकायला उभ्या राहतात असे नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेषा राहते, कारण तो भाग धुण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. सीटखालच्या रुळांवर आणि स्प्रिंगांवर गंज, गालिच्याखाली वाळलेला बारीक गाळ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर, दिव्यांच्या काचेत साचलेला ओलावा या खुणा तज्ज्ञाच्या अहवालात फोटोंसह याव्यात, असा आग्रह धरावा.

वाहन क्रमांकावरून मालकांची संख्या, कर्जाचा बोजा, विमा आणि फिटनेसची मुदत परिवहन खात्याच्या एमपरिवहन अॅपवर दिसते. ‘सिंगल ओनर’ म्हणून विकलेल्या गाडीची मालकसंख्या तेथे तीन निघाली, तर हाही खोटा दावाच आहे. इंजिन किंवा चासी क्रमांक खोडलेला आढळला, अथवा गाडी चोरीची असल्याचा संशय आला, तर मात्र विक्रेत्याशी बोलणी करत बसू नये. थेट पोलीस ठाण्यात जावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक हा गुन्हा आहे, आणि फौजदारी तक्रार केल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही.

नोटीस, हेल्पलाइन आणि आयोग

पुरावा हाताशी आला की विक्रेत्याला लेखी नोटीस पाठवावी. वकिलामार्फतच पाठवली पाहिजे असे नाही. खरेदीची तारीख आणि रक्कम, विक्रेत्याने केलेले दावे, दोष कधी व कसा दिसला, तपासणीत काय आढळले आणि आपल्याला काय हवे हे क्रमाने लिहून १५ दिवसांची मुदत द्यावी, आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. मागणी एकच आणि स्पष्ट असावी. पैसे परत हवेत की दुरुस्तीचा खर्च, हे आधी स्वतःशी ठरवावे. मीटर फिरवलेले किंवा गाडी बुडालेली असेल तर मी पैसे परत मागेन, कारण अशा गाडीचा एक भाग दुरुस्त करून विश्वास परत येत नाही. एखादाच बंदिस्त दोष असेल तर दुरुस्तीचा खर्च आणि गाडी बंद राहिलेल्या दिवसांची भरपाई मागणे अधिक शहाणपणाचे. दोन लाखांच्या गाडीसाठी मानसिक त्रासाचे दहा लाख मागितल्याने प्रकरण मजबूत होत नाही.

नोटिशीबरोबरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण मोठ्या कंपन्या आणि व्यासपीठे तिच्या मार्फत आलेल्या तक्रारीला पुष्कळदा उत्तर देतात. पुण्या-मुंबईत आणि इतरत्र ग्राहक पंचायतींचे कार्यकर्ते आहेत. मुंबई ग्राहक पंचायत तर १९७५ पासून काम करते आहे. कागद घेऊन त्यांच्यासमोर तासभर बसले, तरी आपली बाजू किती भक्कम आहे याचा अंदाज येतो.

मुदत संपली आणि उत्तर आले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करावी. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच सक्षम असतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीचे प्रकरण तेथेच जाते. शुल्क नाममात्र आहे: किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर काहीही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. २०१९ च्या कायद्याने आणलेली मोठी सोय म्हणजे तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतलेली असली तरी सांगलीचा रहिवासी सांगलीतच दाद मागू शकतो. तक्रार ऑनलाइनही करता येते. २०२५ च्या आरंभापासून त्यासाठी ई-जागृती हे संकेतस्थळ सुरू आहे. वकील असणे सक्तीचे नाही.

दाद मागण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. उशिराचे सबळ कारण दाखवता आले तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. विक्रेता ‘करून देतो, पुढच्या आठवड्यात पाठवा’ असे गोड बोलून महिनोन्महिने घालवत असेल तर तारीख वहीत लिहून ठेवावी.

तक्रारीत दुकानदार, ऑनलाइन व्यासपीठ आणि वेगळी वाढीव हमी विकत घेतली असल्यास ती देणारी कंपनी, या सर्वांना सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे. कोणाची जबाबदारी किती हे आयोग ठरवील. संदेश आणि व्हिडिओ जोडताना मूळ फोन जपून ठेवावा आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत द्यावे. तज्ज्ञाचा अहवाल नसल्यामुळे दोष सिद्ध झाला नाही, असे म्हणून तक्रारी फेटाळल्या जातात, म्हणून हा एक कागद कधीही गाळू नये. गरज भासल्यास दोषाची तपासणी योग्य प्रयोगशाळेकडून करून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. तसा अर्ज सुरुवातीलाच द्यावा, कारण गाडी उघड्यावर उभी राहून बिघडत गेली की तपासणीचा अर्थच संपतो.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून मिळालेले जास्तीत जास्त १५ दिवस एवढाच अवधी असतो, आणि हे ४५ दिवस उलटल्यावर आयोगही तो वाढवू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा २०२० चा निर्णय आहे. कायद्याने निकालासाठी सामान्यतः ३ महिने आणि तपासणी लागणार असेल तर ५ महिने ठरवले आहेत. प्रत्यक्षात तारखा त्याहून बऱ्याच लांबतात हे मानून चालावे आणि मनाची तशी तयारी ठेवावी. आयोगाने दोन्ही पक्षांच्या संमतीने मध्यस्थीकडे पाठवायचे सुचवले, तर कागद भक्कम असतानाही तो प्रस्ताव झिडकारू नये. मेहुण्यांचे प्रकरण तर आयोगापर्यंत गेलेच नाही: ७९ हजारांच्या नोंदीची प्रत जोडलेली नोटीस पोचल्यावर अकराव्या दिवशी विक्रेत्याने गाडी परत घेऊन वापराचे २० हजार रुपये वजा करून उरलेली रक्कम देण्याचे कबूल केले.

आदेश आपल्या बाजूने लागला, तर आयोग दोष दूर करण्यास, व्याजासह किंमत परत करण्यास आणि नुकसानभरपाई देण्यास सांगू शकतो. त्याविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण विक्रेत्याला अपील करायचे असेल तर आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही तर अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्यास १ महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पैसे परत घेऊन गाडी देण्याची वेळ येईल तेव्हा किल्ली ठेवून निघून येऊ नये. आरसीवर आपले नाव चढलेले असेल तर नोंदणीकृत मालक आपणच असतो, आणि त्या गाडीने उद्या अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात २०१८ मध्ये म्हटले आहे. म्हणून रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करावी, कर्जाचा बोजा उतरवून घ्यावा, विक्रेता अधिकारपत्रधारक असेल तर नमुना २९-सी, नसेल तर २९ आणि ३० भरून परिवहन कार्यालयात सादर करावेत, गाडी दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहिलेल्या पावतीवर विक्रेत्याची सही घ्यावी, आणि नोंदणीतून आपले नाव उतरल्याचे एमपरिवहनवर दिसेपर्यंत ही पावती आणि विम्याची पॉलिसी दोन्ही हाताशी ठेवावीत.